कोल्ह्याचं खेचर झालं, म्हणून बिघडलं कुठे?

'गोऱ्यांनी आपलं पंचतंत्र ढापलं' हा फॉरवर्ड या महिन्यात तिसऱ्यांदा आला. तिसऱ्यांदा आल्यावर मात्र राहवेना, म्हणून हे लिहितोय.

पंचतंत्र इंग्रजीत पहिल्यांदा गेलं ते १५७० साली, लंडनमध्ये. अनुवादक थॉमस नॉर्थ. पुढे याच माणसाने प्लुटार्क या ग्रीक लेखकाने लिहिलेली चरित्रं इंग्रजीत आणली आणि शेक्सपिअरने त्यांवर रोमन नाटकं उभी केली. नॉर्थला संस्कृतचा गंध नव्हता. त्याच्यासमोर होतं ते दोनी नावाच्या इटालियन लेखकाचं पुस्तक. ते मागे मागे जात स्पॅनिश, लॅटिन, हिब्रू, अरबी आणि सहाव्या शतकातली पहलवी (इराणची जुनी भाषा) अशा पायऱ्या उतरत आपल्या विष्णुशर्म्यापाशी पोचतं. पुस्तकाच्या नावात दोनी आहे, विष्णुशर्मा नाही, हे खरं. पण त्याच मुखपृष्ठावर 'मूळ भारतीय भाषेत रचलेलं' असंही स्वच्छ छापलंय. चोर असं लिहून ठेवतो का हो?

एवढ्या प्रवासात पात्रांची जातच बदलली. पहिल्या गोष्टीतला राजा पिंगलक सिंह सिंहच राहिला, त्याचा मित्र संजीवक बैलही बैलच. पण करटक-दमनक हे आपले दोन कोल्हे नॉर्थकडे चक्क गाढव आणि खेचर झालेत! मी आधी खो खो हसलो. मग वाचत गेलो तसं पटायला लागलं. दरबारात वर्षानुवर्षं ओझी वाहायची आणि बढती मात्र कालच्या बैलाला, मग खेचराचं पोट दुखणारच. राजाचे कान भरणारं ते खेचर मला तरी आपल्या दमनकाचा सख्खा भाऊ वाटलं. (आमच्या जुन्या ऑफिसातही एक होतं. असो.)

माझी खरी तक्रार आपल्याच लोकांवर आहे. नॉर्थने हे पुस्तक मोठ्यांसाठी आणलं आणि राणी एलिझाबेथच्या मर्जीतल्या लेस्टरच्या अर्लला अर्पण केलं. काड्या कशा घालतात, मित्रापासून मित्र कसा फोडतात, हे दरबारात वावरणाऱ्यानेच वाचायचं. आणि आपण? गुळगुळीत रंगीत पानं, गुबगुबीत सिंह आणि खाली चौकटीत 'तात्पर्य'. विष्णुशर्म्याने राजपुत्रांना शिकवलेलं राजकारण आपण बालवाडीत नेऊन बसवलं.

त्यातही मूळ शेवट गाळून. संस्कृतात सिंह बैलाला मारतो, मग हळहळतो आणि दमनक त्याची समजूत घालून मंत्रिपदावर राहतो. शिक्षा नाही, काही नाही. आठव्या शतकात अरबीत आणणाऱ्या इब्न अल-मुकफ्फाच्या पुस्तकात मात्र दिम्नावर, म्हणजे दमनकावर, रीतसर खटला चालतो आणि त्याला मरणाची शिक्षा होते.

परवा लेकीला मूळ गोष्ट सांगितली. 'मग दमनकाला कोणी पकडलंच नाही?' 'नाही.' तिने जरा विचार केला आणि म्हणाली, 'बाबा, ती अरबीवाली सांग.'