आज साडेतीन तास मी मयत होतो

सकाळी साडेदहा ते दुपारी दोन, केंद्रातल्या रांगेत. आता रात्र झाली, तरी राग उतरेना म्हणून लिहायला बसलोय. शुद्धलेखन बघू नका.

नोव्हेंबर लागला की आम्हा पेन्शनवाल्यांची ही वारी ठरलेली. हयातीचा दाखला, म्हणजे आपण अजून जिवंत आहोत याचा दरवर्षीचा पुरावा! कुठल्या केंद्रात गेलो ते लिहीत नाही, तिथलं पोरगं बिचारं पगारी आहे. उजवा अंगठा ठेवला, लाल दिवा. डावा ठेवला, लाल. दहाही बोटं झाली. मग उपाय सुरू. हात धुऊन या, धुतले. खोबरेल लावा, लावलं. शेवटी म्हणतंय, "काका, बोट जरा डोक्यावरून फिरवा, केसांचं तेल लागलं की थंब येतो." मी टोपी काढून दाखवली. अख्खी रांग हसली, तेही हसलं. डोळ्याचं मशीन आहे का विचारलं तर बंद आहे म्हणे.

एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो मी. या अंगठ्यानं तिकिटं फाडली, पंच मारला, सुट्टे मोजले. रात्रीच्या गाडीत दिवे गेलेले असायचे, तरी नाणं चार आण्याचं की आठ आण्याचं, अंगठ्याला कळायचं. रेषा तिथंच झिजल्या असणार. उरलेल्या वयानं नेल्या. म्हातारपणी कातडी कोरडी पडते, बोटांच्या रेषा सपाट होतात, हे ते मशीन बसवणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही का? पेन्शनच्या रांगेत काय कॉलेजची पोरं येणार आहेत?

मी त्या पोराला म्हणालो, "मशीनकडं काय बघतोस, माझ्याकडं बघ की!"

आणि माझं मलाच कसंतरी झालं. हे वाक्य माझं नव्हतं.

1996 साल असेल. सोलापूर-अक्कलकोट गाडी, पौर्णिमेची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. वळसंगला उतरणारी एक म्हातारी, तोंडात दात नाही, म्हणाली अर्धं तिकीट दे. पासष्टच्या वर वय असेल तर अर्धं, पण पुरावा पाहिजे. तिच्याकडं चिटोरंसुद्धा नव्हतं. म्हणाली, "माज्याकडं बघ की लेकरा, मी काय तरणी दिसतीय व्हय?" गाडी हसली. मी हसलो नाही. पुढं लाइन चेकिंग लागेल, आपली नोकरी जाईल, हे डोक्यात. फुल तिकीट फाडलं. तिनं पदराची गाठ दातांनी सोडायला घेतली, दात नाहीत हे विसरून. मग बोटांनी सोडली. मी तिच्या डोक्यावर उभा राहून पंच टकटक वाजवत होतो.

आज माझ्या मागं एक अम्मा होती, सोलापूरजवळच्या कुंभारीची. तिथं विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती नुसती अक्कलकोट रोडवरनं जाताना पाहिलेली आहे. तिनं तिची बोटं मला दाखवली. जन्मभर पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. बोटांची टोकं सुपारीसारखी गुळगुळीत. तिची ही दुसरी खेप. पेन्शन हजार रुपये. 2014 साली पीएफवाल्यांची किमान पेन्शन हजार ठरली ती ठरलीच. त्यातले शे-दीडशे रिक्षात आणि चहात गेले, वर उत्तर काय, "अम्मा, सोमवारी या." तेलुगूत ती काहीतरी पुटपुटली. मला अर्धवट कळलं, इथं लिहिण्यासारखं नाही.

हो, मेलेल्या माणसांच्या नावावर पेन्शन उचलणारेही होते, माहीत आहे मला. मान्य. म्हणून समोर उभं राहून शिव्या देणाऱ्या बाईला मयत धरायचं?

पुण्याहून लेकाचा फोन. "बाबा, आता चेहऱ्यानं पण होतं, घरबसल्या. सोप्पंय." सोप्पंय! तुम्हा पोरांचा हा शब्द कानावर आला की माझं बीपी वाढतं. 2021 पासून ही सोय आहे म्हणे. मग मागच्या इतक्या नोव्हेंबरांत एकदा तरी बोलायचास की रे.

तर संध्याकाळी आमची मोहीम. एक सोडून दोन ॲप घ्यावी लागतात. आधी 'ऑपरेटर'चा चेहरा, मग पेन्शनरचा. म्हणजे मीच कंडक्टर, मीच पॅसेंजर. पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाच्या नंबरच्या कागदासाठी ही ट्रंकेत शिरली, तिला तिथं आमच्या लग्नाचा फोटो सापडला, त्यात वीस मिनिटं गेली. घरात उजेड कमी म्हणून गच्चीत गेलो. पाठीमागं पाण्याची टाकी, ते चालेना. शेजाऱ्यांच्या पांढऱ्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. मोबाईल म्हणतो डोळे मिचकावा. मिचकावले. नाही. जोरात मिचकावले. पलीकडच्या गच्चीवर पापड गोळा करणाऱ्या वहिनी आत निघून गेल्या, त्यांना खुलासा कोण करणार देव जाणे. ही म्हणाली, चष्मा काढा. काढला, आणि गोल हिरवा झाला! मेसेज आला. सूर्य बुडायच्या आत मी जिवंत झालो. हिनं शेंगाच्या चटणीबरोबर कडक भाकरी दिली. खरं सांगतो, भारी वाटलं. लेकाला फोन करून सांगितलं, बाबा रे, सोप्पंय.

पण ती अम्मा सोमवारी पुन्हा जाणार. पुन्हा दहा बोटं.

त्या पोराला आज तिच्या मोबाईलवर, नाहीतर स्वतःच्या, हे करून देता आलं नसतं का? माहीत नसेल त्याला. कुणी शिकवलं नसेल. मलाही त्या वेळी वाटलं होतं की आपलं काम नियम बघायचं आहे.

असो. अम्मानं वसाहतीतल्या तिच्या गल्लीची खूण सांगितली आहे. उद्या सकाळी जातोय. तिला म्हणावं, आधारकार्ड आणि पीपीओचा कागद काढून ठेव, आजूबाजूच्या बायकांनाही हाक मार. अडचण एकच, माझ्या मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याला तडा आहे, गच्चीत चाललं म्हणजे तिथं चालेलच असं नाही. कुणाकडं चांगला मोबाईल असेल आणि रविवारची सकाळ मोकळी असेल तर साडेनऊला सोलापुरात अशोक चौकात या. रिक्षाचं मी बघतो. सुट्टे आणायची गरज नाही.