'इंडिया' हे नाव इंग्रजांनी दिले का?

'स' उच्चारता येत नसल्यामुळे मुसलमान आक्रमकांनी 'सिंधू'चे 'हिंदू' केले, त्यावरून इंग्रजांनी 'इंडिया' हे नाव लादले आणि ती नदी आता पाकिस्तानात असल्याने या नावाशी आपला संबंधच उरलेला नाही, असा मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. ही नावे सिंधू नदीवरून आली, एवढेच त्यात खरे आहे.

आक्रमकांविषयीचे विधान कालक्रमातच टिकत नाही. इराणचा सम्राट पहिला दारियस (राज्यकाळ इ.स.पू. ५२२ ते ४८६) याच्या नक्श-ए-रुस्तम येथील शिलालेखात, त्याच्या सत्तेखालील मुलखांच्या यादीत, 'हिंदुश' येते, म्हणजे इस्लामच्या उदयापूर्वी हजारांहून अधिक वर्षे हे रूप रूढ होते, आणि तेथे ते प्रदेशाचे नाव आहे, धर्माचे नव्हे.

'स' उच्चारता येत नसल्याची कथा त्याहून लंगडी आहे. संस्कृतात स्वरापूर्वी जेथे 'स' असतो तेथे प्राचीन इराणी भाषांत नियमाने 'ह' आढळतो: सोम–हओम, असुर–अहुर, अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील 'हप्त हेंदु' हे ऋग्वेदातील 'सप्त सिंधु'चेच भावंड होय. मात्र संस्कृत 'शत' त्याच अवेस्तात 'सत' होते, तेव्हा त्या लोकांच्या जिभेला 'स' वर्ज्य नव्हता. अरबांना तर तो कधीच अडला नाही. ७१२ मध्ये जिंकलेल्या प्रांताला ते 'सिंद'च म्हणत आणि त्यापलीकडच्या देशाला 'हिंद'.

इंग्रजांचा मुद्दा लवकर निकाली निघतो. आयोनियन ग्रीक बोलीत आरंभीचा 'ह' गळाला होता, त्यामुळे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या लेखनात, इ.स.पू. पाचव्या शतकात, नदी 'इंदोस' झाली. लॅटिनमध्ये तिचे 'इंडस' झाले. इ.स. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी तर तेथील रहिवासी तिला 'सिंदुस' म्हणतात, अशी नोंदही करतो. पोर्तुगिजांचे 'एस्तादो दा इंदिया' (इंडियाचे राज्य) १५०५ मध्ये स्थापन झाले आणि पुढे गोवा त्याची राजधानी बनले. लंडनच्या व्यापाऱ्यांनी १६०० मध्ये ईस्ट इंडिया कंपनी काढली, तेव्हा हे नाव युरोपात जुनेच झाले होते.

राहिला पाकिस्तानचा आक्षेप. इ.स.पू. ३०० च्या सुमारास मौर्यांच्या दरबारी आलेल्या ग्रीक वकील मेगास्थेनीसने 'इंडिका' लिहिले, त्यात गंगा आहे आणि पाटलीपुत्रही आहे. नदीचे नाव तेव्हाच साऱ्या देशाला लागू झाले होते. शिवाय सिंधू आजही लडाखमधून, लेहच्या जवळून वाहते, हे मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी नकाशात पाहायला हरकत नव्हती.