चांदीचं खासगी नाणं 'कायदेशीर' नाही. तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका

माझी आत्या ठाण्यात नौपाड्यात राहते. गेल्या महिन्यात ती गोखले रोडच्या मागच्या गल्लीत नेहमीच्या वाण्याकडे गेली. बिल झालं 3,860 रुपये. तिने पर्समधून दोन चांदीची नाणी काढून काउंटरवर ठेवली आणि वरच्या 140 रुपयांची वाट बघत उभी राहिली. वाणी ओळखीचा, माणूस भला. म्हणाला, "काकू, ही देवघरात ठेवा. बिलाचं नंतर बघू." आत्या घरी आली ती रडवेली होऊनच. अशी बारा नाणी तिने घेतली होती, प्रत्येकी दोन हजारांना. चोवीस हजार रुपये, तेही पेन्शनमधले.

का घेतलीस म्हणून विचारलं, तर तिने मोबाइल माझ्या हातात दिला. फॉरवर्ड असा: खासगी नाणं पाडायला भारतात कुठल्याही कायद्याची बंदी नाही, नकली नाणं पाडणं गुन्हा आहे, वेगळं पाडणं नाही, अमेरिकेत 'लिबर्टी डॉलर' राजरोस चालतो, नोट म्हणजे तरी नुसती वचनचिठ्ठीच, पेशवाईत सोनारच नाणी पाडायचे, जेवणाची कुपनं चालतात, मग चांदी का नाही? आणि शेवटी, वर्षभर ठेवलंत तर वीस टक्के वाढवून परत घेऊ. एकट्या ठाण्यातल्याच चार ग्रुपांवरून हा मजकूर माझ्याकडे आलाय.

बंदी नाही, हे धडधडीत खोटं आहे. ती आजची नाही, 1889 पासूनची आहे. त्या वर्षी इंग्रज सरकारने खास याच गोष्टीसाठी मेटल टोकन्स ॲक्ट केला. तो रद्द करून त्याची तरतूद 2011 च्या नाणे कायद्यात, म्हणजे कॉइनेज ॲक्टमध्ये घेतली. त्याचं कलम 13 काढून वाचा. पैसा म्हणून वापरण्यासाठी धातूचा तुकडा बेकायदा तयार करणं, चलनात आणणं, त्यासाठी जवळ बाळगणं, तिन्ही गोष्टींना मनाई. नाणं सरकारी नाण्यासारखं दिसतं की नाही, हा तिथे प्रश्नच नाही. बनावट नाण्यांचा गुन्हा वेगळा आहे, तो भारतीय न्याय संहितेत. 'आमचं नाणं वेगळं दिसतं' म्हणणारा नेमका कलम 13 मध्येच सापडतो. शिवाय चलन आणि नाणी हा विषय राज्यघटनेने केंद्राच्या सूचीत टाकलाय, नोंद 36. राज्य सरकारलाही जे करता येत नाही, ते एखादा ग्रुप कसं करणार?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. चांदीचं नाणं विकणं गुन्हा नाही. धनत्रयोदशीला राम मारुती रोडवर लक्ष्मीची नाणी सगळेच घेतात, मीही घेते. पण त्यावर वजन आणि शुद्धता कोरलेली असते, आपण त्या दिवशीचा भाव आणि घडणावळ देतो, आणि हे वाण्याकडे चालेल असं कुठलाही सराफ सांगत नाही. आत्याच्या नाण्यावर एका बाजूला कळस आहे आणि दुसऱ्या बाजूला ठसठशीत '2000'. वजन कुठेच नाही. सराफाने तोलून पाहिलं, एकेक दहा ग्रॅमचं भरलं. त्या दिवशीच्या भावाने बारा नाण्यांचे चौदा हजारांच्या आतच येतील म्हणाला. पैसा म्हणून चालवायचा हेतू याहून उघड काय असतो?

आता लिबर्टी डॉलर. हा मुद्दा तर मला सगळ्यात जास्त संताप आणणारा वाटला, कारण गोष्ट खरी आहे आणि ती बरोब्बर उलटी करून सांगितली आहे. बर्नार्ड फॉन नॉटहाउस नावाच्या माणसाने 1998 साली अमेरिकेत ही नाणी सुरू केली. एक औंस चांदी, त्यावर आकडा दहा डॉलरचा, पुढे वीसचा. चांदीच्या भावापेक्षा नाण्यावरचा आकडा मोठा, म्हणजे आत्याला फसवलं तीच रीत. 2007 च्या नोव्हेंबरात एफबीआयने छापा घातला, 2011 च्या मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं, आणि 2014 मध्ये सहा महिने घरात स्थानबद्धता आणि तीन वर्षं प्रोबेशन अशी शिक्षा झाली. तिथला कायदा 1864 पासूनचा. चलनात आणायचं खासगी नाणं सरकारी नाण्यासारखं असो वा स्वतःच्या नक्षीचं, दोन्ही गुन्हाच. ज्याला शिक्षा झाली त्याचाच दाखला देऊन आमच्या म्हाताऱ्या माणसांना नाणी विकतात!

वचनचिठ्ठीचं म्हणाल, तर मागताक्षणी धारकाला पैसे देण्याची हुंडी किंवा चिठ्ठी काढायला रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 31 ने इतरांना मनाई केली आहे. आणि एक रुपयाच्या नोटेवर ते वचन छापलेलंच नसतं, ती केंद्र सरकार काढतं, सही वित्त सचिवांची असते. तरीही ती चालते, कारण तिच्यामागे कायदा आहे.

पेशवाईतलं अर्धं खरं आहे. टांकसाळी सोनारांना मक्त्याने दिल्या जात. पण सनद लागे, आणि ती सरकारच देई. अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का असे रुपये बाजारात एकाच वेळी फिरत, आणि एकाचा दुसरा करून घेताना सराफ बट्टा, म्हणजे बदलण्यापोटी काही रक्कम, कापत. ज्याला नाणं पारखता येत नसे त्याचं दर वेळी नुकसान. आत्याने चोवीस हजारांवर दहा हजारांहून जास्त बट्टा भरलाय.

जेवणाची कुपनं ठरलेल्या दुकानांतच चालतात आणि त्यांना रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. आणखी काही सांगायची गरज नाही.

खरं विष शेवटच्या ओळीत आहे. पैसे घ्यायचे आणि वर्षाने वाढवून परत द्यायचं वचन द्यायचं, याला ठेव म्हणतात. विनानोंदणी अशा ठेवी गोळा करण्यावर 2019 च्या कायद्याने बंदी आहे, आणि महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा त्याआधीचा, 1999 चा. मी आत्याची पावती मागितली. तिच्यावर 'विक्री' हा शब्द नाही, जीएसटी क्रमांक नाही, वीस टक्क्यांचा उल्लेख नाही. लिहिलंय 'सदस्यत्व देणगी'. उद्या परत मागायला गेली, तर देणगी परत मिळत नाही एवढंच ऐकवतील.

तुमच्या घरात कोणी ही नाणी घेतली असतील, तर आधी पावती शोधा आणि तिचा फोटो काढून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार करता येते, पोलिसांकडे आर्थिक गुन्हे शाखा आहे. चोवीस हजारांसाठी कुठे जायचं, असं आत्याही म्हणत होती. परवा तिने स्वतःच आपली पावती भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. संध्याकाळपर्यंत आणखी तिघींनी आपापल्या टाकल्या. तिन्हींवर 'देणगी'च लिहिलंय. सोमवारी चौघी मिळून पोलिसांत जाणार आहेत, मी बरोबर आहे.