व्हायरस निघाला, मग फोटो का उघडत नाहीत? एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान आवरताना वाचला. एक स्टार दिलात, त्याचा राग नाही. तुमच्या स्टुडिओचं लग्नसराईतलं सहा जणांचं काम व्हायरसमुळे एका दुपारी हातातून गेलं, त्यात ज्यांचे फोटो गेले ते रोज फोन करतायत, माणूस चिडणारच. तुमचं नाव, गाव मी इथे लिहीत नाही. पण तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, म्हणून उत्तरही सगळ्यांसमोर देतो.

तुमचं म्हणणं असं: २६०० रुपये घेतले आणि कॉम्प्युटरमधला एकही फोटो उघडून दिला नाही. हार्ड डिस्क ११ दिवस ठेवून घेतली. दुकानातला मुलगा फोनवर "होऊन जाईल" म्हणाला होता. फाइलींना कुलूप लावणाऱ्या व्हायरसवाल्यांना तुम्ही खंडणीचे पैसे भरायला तयार होता, तरी मी ते काम करून दिलं नाही. आणि आता दुसरा एक जण ४५ हजारांत शंभर टक्के रिकव्हरीची गॅरंटी देतोय, म्हणजे आम्हालाच येत नव्हतं.

आधी आमची चूक. "होऊन जाईल" हे शब्द आमच्या मुलाने वापरले, मी त्याला विचारून खात्री केली. त्याच्या डोक्यात व्हायरस काढायचं काम होतं, तुमच्या डोक्यात फोटो. पण ऐकणाऱ्याने काय समजायचं? पावतीवरही "व्हायरस काढणे, विंडोज टाकणे, फाइल तपासणी" एवढंच होतं. फाइली परत मिळतीलच याची खात्री नाही, ही ओळ नव्हती. ती असायला हवी होती. २६०० पैकी ८०० रुपये फाइल तपासणीचे होते, ते तुम्हाला परत देतोय. ११ दिवसांतले शेवटचे तीन दिवस तर काम संपलेलं होतं आणि आम्ही फोनच केला नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

उरलेले १८०० कशाचे, तेही सांगतो. तुमची १ टीबीची डिस्क आली त्या दिवशी मी तिला हात लावण्याआधी तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. सव्वातीन तास लागले. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर केले, मूळ डिस्कवर एक बाइटसुद्धा लिहिलेला नाही. तुम्ही लिहिलंय की "न विचारता फॉर्मॅट मारला". दादा, फॉर्मॅट मारलेला नाही. नवीन विंडोज तुम्हीच आणलेल्या एसएसडीवर टाकलंय, आणि जुनी डिस्क पाकिटात घालून, वर तुमचा पावती नंबर लिहून माझ्या खणात ठेवलेली आहे.

आता मुख्य गोष्ट. व्हायरस काढणं आणि फाइली उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत. चोराने घरात शिरून तुमच्या कपाटाला स्वतःचं कुलूप घातलं, तर चोराला हाकलल्याने कुलूप उघडत नाही. पहिलं काम आम्ही पूर्ण केलं. दर पाच मिनिटांनी पुन्हा चालू होणारं टास्क व्हायरसने विंडोजच्या शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालू करणाऱ्या यादीत, लपवलं होतं. विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये अँटीव्हायरस कंपन्यांच्या साइट बंद करणाऱ्या ओळी भरल्या होत्या. तुम्हाला आदल्या दिवशी अँटीव्हायरस डाउनलोड होत नव्हता तो त्यामुळेच. विंडोज आपोआप ठेवतं त्या जुन्या प्रतीही, शॅडो कॉपी म्हणतात त्या, त्याने आधीच पुसल्या होत्या.

हा "स्टॉप" किंवा "डीजेव्हीयू" नावाच्या घराण्यातला रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची टेक्स्ट फाइल, आत ९८० डॉलरची मागणी आणि ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे, ४९०. घरगुती आणि छोट्या धंद्याच्या कॉम्प्युटरवर हाच जास्त दिसत आलाय, आणि तो बहुतेक वेळा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर आत येतो. तुम्ही स्वतःच रिव्ह्यूत लिहिलंय की फक्त एक एडिटिंगचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं होतं. मी तुम्हाला दोष देत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांची सुरुवात तिथूनच झालेली असते, आणि महागडं सॉफ्टवेअर छोट्या स्टुडिओला परवडत नाही हे मला चांगलं माहीत आहे.

या जातीवर फुकट औषध आहे, आणि ते आम्ही वापरून पाहिलं. एमसिसॉफ्ट कंपनी आणि मायकेल गिलेस्पी या संशोधकाने ऑक्टोबर २०१९ मध्ये याचा डिक्रिप्टर, म्हणजे कुलूप उघडणारा प्रोग्राम, काढला, त्या वेळच्या १४८ प्रकारांसाठी. पण त्याला मर्यादा आहे. हा व्हायरस चालू होताना आपल्या मालकाच्या सर्व्हरला गाठायचा प्रयत्न करतो. सर्व्हर सापडला, तर तिथून फक्त तुमच्यासाठी बनवलेली किल्ली येते. सापडला नाही, तर तो स्वतःच्या पोटातली ठरलेली किल्ली वापरतो, जी त्या प्रकारात सगळ्यांना सारखी असते. व्हायरस प्रत्येक कॉम्प्युटरला एक आयडी, म्हणजे ओळखखूण, देतो. दुसऱ्या तऱ्हेत त्या आयडीच्या शेवटी इंग्रजी "टी" आणि "१" असतात, आणि अशी किल्ली कधीतरी हाती लागू शकते. तुमचा आयडी मी सी ड्राइव्हमध्ये पाहिला, मग एका फोटोच्या फाइलच्या शेपटाला चिकटवलेला पाहिला. दोन्हीकडे शेवटी "टी" आणि "१" नाहीत. त्या दुपारी तुमचं नेट चालू होतं. डिक्रिप्टरने ऑनलाइन आयडी आहे, उघडणं शक्य नाही, असंच उत्तर दिलं. त्याचा स्क्रीनशॉट तुम्हाला पाठवलेला आहे.

"मोठ्या मशीनवर लावून तोडता येत नाही का?" असं तुम्ही काउंटरवर विचारलं होतंत. ती किल्ली २०४८ बिटच्या आरएसए नावाच्या गणिती कुलपात बंद असते. म्हणजे ६१७ आकडी संख्येचे दोन मूळ अवयव शोधायचे. आजवर जाहीरपणे फोडलेली अशी सगळ्यात मोठी संख्या २५० आकडी आहे, ती २०२० साली, संशोधकांच्या टोळीने हजारो कॉम्प्युटर लावून. हे माझ्या दुकानात होणार नाही आणि ४५ हजारवाल्याच्या दुकानातही होणार नाही.

मग तो गॅरंटी कशी देतो? मला त्या माणसाची माहिती नाही, म्हणून त्याच्यावर आरोप करत नाही. पण २०१९ मध्ये अमेरिकेत प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने शोधून काढलं होतं की आमचं खास तंत्र आहे असं सांगणाऱ्या काही रिकव्हरी कंपन्या गुपचूप गुन्हेगारांनाच पैसे भरत होत्या आणि वर आपलं कमिशन लावत होत्या. तुमच्याकडची पहिल्या ७२ तासांतली मागणी ४९० डॉलर होती, म्हणजे चाळीस हजारांच्या वर. त्याचा आकडा ४५ हजार. त्याला एवढंच विचारा: किल्ली कुठून आणणार, आणि नाही उघडलं तर पैसे परत द्याल हे लिहून देता का? आणि त्याच्याकडे मूळ डिस्क देऊ नका, प्रत द्या. प्रत मी फुकट काढून देतो.

खंडणीबद्दल. मी नाही म्हणालो आणि पुढेही नाहीच म्हणेन. पैसे गेल्यावर किल्ली येईलच याची हमी कोणी देत नाही, आणि आलेला पैसा पुढच्या स्टुडिओवर, पुढच्या दवाखान्यावर वापरला जातो. तुमचे पैसे, तुमचा निर्णय. मी तुम्हाला अडवलं नाही, फक्त ते व्यवहार माझ्या हाताने करणार नाही म्हणालो. त्याच दिवशी १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर तुम्हाला लिहून दिला होता. तक्रार अजून केली नसेल तर जरूर करा. रीडमीची फाइल आणि आयडी दोन्ही तुमच्या पेनड्राइव्हवर "पोलीस" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेत.

"एकही फोटो मिळाला नाही" यावर थोडं थांबतो. तुम्ही कॅमेऱ्याचं एक कार्ड आणलं होतंत, फॉर्मॅट केलेलं पण पुढे न वापरलेलं. त्यातून ११४० फोटो निघाले, पूर्ण साइजचे, आणि पेनड्राइव्हवर दिले. ते कॉम्प्युटरमधून आले नाहीत म्हणून तुम्ही धरले नसतील. दुसऱ्या कार्डावर तुम्ही नंतर बारसं शूट केलंत, त्यामुळे तिथे जुनं फारसं उरलं नाही. पण एक रस्ता तुम्ही अजून चाचपला नाहीये: दोन लग्नांच्या अल्बमच्या शीट तुम्ही लॅबला ऑनलाइन पाठवल्या होत्यात ना? लॅबवाले काही महिने फाइली ठेवतात. आजच फोन करा. नवरा-नवरीकडे व्हॉट्सअॅपवर गेलेले फोटोही गोळा करा, लहान असले तरी काहीच नसण्यापेक्षा बरे.

आणि व्हिडिओ. हे मला तुम्हाला फोनवर सांगायचं होतं, पण तुम्ही फोन ठेवलात. हा व्हायरस घाईत असतो, प्रत्येक फाइलचे फक्त पहिले १५० केबी बिघडवतो. छोट्या फाइलीत सगळंच जातं, म्हणून तुमची बिलं आणि एडिटिंगचे प्रोजेक्ट पूर्ण गेले. जेपीजी फोटोंत डोकं जातं. त्यातले काही खालून अर्धवट निघतात, पण ग्राहकाला देण्यासारखे नसतात. चार जीबीच्या व्हिडिओत मात्र १५० केबी म्हणजे काहीच नाही. मी तुमच्या हळदीची एक क्लिप हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचा कच्चा डेटा दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडून पाहिली. वरचा भाग नुसता कचरा, त्यानंतर एका ठरावीक ओळीपासून कॅमेऱ्याचा मूळ डेटा सरळ सुरू होतो. शेवटपर्यंत शाबूत. अडचण एवढीच की प्लेअरला सुरुवात कळत नाही. त्याच कॅमेऱ्याची एक धड क्लिप नमुना म्हणून दिली की दुरुस्तीचं सॉफ्टवेअर ती सुरुवात नव्याने बांधतं. माझ्याकडची एक दुसरी क्लिप नमुना म्हणून लावून पाहिली, चित्र आलं, आवाज पुढेमागे झाला, कारण नमुना दुसऱ्या कॅमेऱ्याचा होता.

डिस्क पुसू नका, विकू नका, हेही त्यासाठीच सांगत होतो. आज नाही उघडलं म्हणजे कधीच नाही असं नसतं. २०१६ च्या मे महिन्यात टेस्लाक्रिप्टवाल्यांनी आपली मास्टर किल्ली जाहीर केली, एप्रिल २०२० मध्ये शेड नावाच्या टोळीने साडेसात लाखांवर किल्ल्या टाकून दिल्या. तुमच्यावाल्याचं तसं होईल असं मी म्हणत नाही, होईल म्हणून पैसेही घेणार नाही. युरोपोल आणि डच पोलिसांचा २०१६ पासूनचा "नो मोअर रॅन्सम" हा उपक्रम आहे, तिथे अशी फुकट साधनं येत राहतात; मी तुमचा आयडी वहीत लिहून ठेवलाय आणि अधूनमधून तपासत राहीन.

एक गोष्ट मात्र आजच करा, दुसरं काही केलं नाही तरी. याच व्हायरसबरोबर अनेकदा पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्राम येतो. तुमच्या ब्राउझरमध्ये बँकेचा आणि जीमेलचा पासवर्ड सेव्ह होता. दोन्ही बदला, मोबाइलवरून. हे मी नवी एसएसडी देताना सांगितलं होतं, पण त्या वेळी तुमचं लक्ष फोटोंत होतं, म्हणून पुन्हा लिहितोय.

आणि बॅकअपची ती बाहेरची डिस्क दिवसभर कॉम्प्युटरला लावलेली होती, म्हणून तीही गेली. नव्या एसएसडीबरोबर मी तुम्हाला बाहेरच्या डिस्कसाठी वेगळी वायर दिलीय ती याचसाठी: कॉपी झाली की ती डिस्क काढून कपाटात.

तुम्ही येताना जुन्या कॅमेऱ्यावर दोन मिनिटांची एक क्लिप काढून आणा. हळदीच्या दिवशी होतं तेच सेटिंग ठेवा, फुल एचडी, २५ फ्रेम, ४के नको. त्या कार्डावर दुसरं काही शूट करू नका. क्लिप जुळली तर नऊ व्हिडिओंचं काम मी करून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. ८०० रुपये आणि तुमची डिस्क काउंटरवर तयार आहे. दुकान साडेदहाला उघडतं, गुरुवारी बंद असतं. मुलाला सांगून ठेवलंय, मी नसलो तरी तो मला लगेच फोन लावून देईल.