‘बास बिघडला, पैसे वाया गेले’ : तुमच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एका ताऱ्याचा अभिप्राय वाचला, सोबतचे फोटो पाहिले आणि तुमची ऑर्डर पुन्हा उघडून तपासली. तुमचं म्हणणं असं आहे : टॉवर स्पीकरचे स्पाइक (खालचे टोकदार पाय) काढून आमचे रबरी पॅड लावल्यावर बास, म्हणजे खालचे जाड सूर, घट्ट होण्याऐवजी जास्तच घुमायला लागला, स्पीकर हाताने ढकलला की डोलतो, आणि खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार अजून तशीच आहे. शेवटी तुम्ही ‘फसवणूक’ हा शब्द वापरला आहे. तो वाचून वाईट वाटलं, पण तुमच्यावर राग नाही. कारण यातल्या दोन गोष्टींत चूक सरळसरळ आमची आहे.

तुमचा एक स्पीकर २२ किलोचा. चार पॅडवर वाटला तर प्रत्येकावर साडेपाच किलो येतात. आम्ही पाठवले ते पॅड प्रत्येकी १० ते १५ किलोसाठी बनवलेले. ऑर्डर घेताना स्पीकरचं वजन किती, हे आमच्याकडून कोणी विचारलंच नाही. जास्त वजन पेलणारा पॅड दिला की काम झालं, असं समजून तो पाठवून दिला. फळीखाली टेकू द्यायचा असता तर ते चाललं असतं. कंपन अडवायचं असेल तेव्हा मात्र ही समजूत उलटी पडते.

पॅड ही एक स्प्रिंगच असते. वजनाखाली ती नीट दबली तरच काम करते. किती दबते यावरून ती कोणत्या वारंवारतेला स्वतः डोलेल, याचा अंदाज करता येतो : १५.८ ला दबलेल्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागायचं. १ मिलिमीटर दबली तर सुमारे १६ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १६ हेलकावे), ४ मिलिमीटर दबली तर ८. तुमच्याकडे पाठवलेल्या जातीच्या पॅडवर मी साडेपाच किलो ठेवून मोजलं, तर तो जेमतेम ०.४ मिलिमीटर दबला. म्हणजे २५ हर्ट्झ. त्यात रबर भरभर हलवलं की नुसत्या ठेवलेल्या वजनाखाली असतं त्यापेक्षा ताठ वागतं, म्हणून खरा आकडा ३० च्या आसपास धरायला हवा.

आता यातली कळीची गोष्ट. पॅड कंपन अडवायला लागतो तो स्वतःच्या वारंवारतेच्या साधारण १.४ पटीच्या वर. त्याखाली तो काहीच अडवत नाही, आणि स्वतःच्या वारंवारतेजवळ तर कंपन वाढवतो. ३० ची १.४ पट म्हणजे ४२. बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला वाजते. म्हणजे जिथे मदत हवी होती नेमक्या तिथेच आमचा पॅड निरुपयोगी होता, आणि त्याखालच्या सुरांत तो भर घालत होता. तुमच्या कानांनी बरोबर ऐकलं.

दुसरी चूक शेजाऱ्यांबद्दलची. पॅडच्या माहितीत आम्ही ‘खालच्या मजल्यावर आवाज जाणार नाही’ असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं, आणि आज ते वाक्य काढून टाकलं आहे. स्पीकरचा आवाज खाली दोन वाटांनी जातो. एक वाट कॅबिनेटच्या, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या, पायातून जमिनीत उतरते. दुसरी हवेतून : बासच्या दाबाने सगळी जमीन आणि भिंती हलतात, आणि त्याच पलीकडे आवाज करतात. पॅड फक्त पहिली वाट रोखतो. दुसऱ्या वाटेवर त्याचा काडीचाही उपाय नाही, मग तो कितीही चांगला असो. रात्री बास कमी करणं किंवा आवाज खाली आणणं, हेच तिथे उपयोगी पडतं. हे विकताना सांगायला हवं होतं.

पण तुम्हाला ऐकू येणारा सगळा घुमारा पॅडचा आहे, असं मला वाटत नाही. खोलीची लांबी तुम्ही ४ मीटर लिहिली आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं तर ४३ हर्ट्झ येतात. या सुराला तुमची खोली स्वतःच घुमते, आणि तो सर्वांत मोठा ऐकू येतो तो समोरच्या आणि मागच्या भिंतीजवळ. फोटोत तुमचा सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला दिसतो. एक करून पाहा : पॅड पूर्ण काढा, ४३ हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत चालत या. मध्यावर सूर जवळजवळ नाहीसा झाला, तर तो खोलीचा घुमारा आहे आणि कोणताही पॅड तो काढू शकणार नाही. सोफा अर्धा-पाऊण मीटर पुढे ओढलात तर मात्र फरक ऐकू येईल.

डोलण्याबद्दल. हाताने ढकलल्यावर स्पीकर हलणं आणि संगीत वाजताना हलणं, यांत खूप अंतर आहे. तुमच्या साडेसहा इंची दोन वूफरचे (बास वाजवणाऱ्या गोल भागांचे) हलणारे भाग मिळून ३० ग्रॅम धरले, तर २२ किलोचं कॅबिनेट त्यांच्या सातशेपट जड आहे. वूफरचा कोन (पुढेमागे हलणारा पडदा) ५ मिलिमीटर हलला तरी पॅडच्या वारंवारतेच्या बऱ्याच वर कॅबिनेट मिलिमीटरचा शंभरावा हिस्सासुद्धा हलत नाही. त्यामुळे आवाजाची काळजी नको. तोल जाण्याची काळजी मात्र रास्त आहे, घरात लहान मूल असेल तर नक्कीच.

स्पाइकच बरे होते, असं तुम्ही लिहिलंय. स्पाइक स्पीकरला जागेवर घट्ट धरतात, आणि तेवढ्यासाठी ते चांगले आहेत. पण ते कंपन ‘जमिनीत सोडून देतात’ आणि परत येऊ देत नाहीत, ही समजूत चुकीची आहे. टोक एका बाजूने कंपन जाऊ देतं, तसंच दुसऱ्या बाजूने येऊही देतं. तुमची जमीन तुळयांवरची लाकडी आहे. अशी जमीन स्पीकरबरोबर हलते आणि ढोलासारखी स्वतः वाजते. म्हणून तुमच्याकडे योग्य पॅडचा उपयोग होईल, असं मी खात्रीने म्हणतो. तुम्ही काँक्रीटच्या स्लॅबवर असता, तर पॅड घेऊच नका, असं सांगितलं असतं.

आता काय करायचं ते. तुम्हाला पूर्ण पैसे परत हवे असतील तर ते मिळतील, पॅड परत पाठवण्याचा खर्चही आमचा. किंवा ४ ते ७ किलोसाठीचे मऊ पॅड आम्ही पाठवतो. सोबत स्पीकरपेक्षा प्रत्येक बाजूने ५ सेंटिमीटर रुंद अशा दोन फळ्या देऊ. पॅड फळीच्या कोपऱ्यांखाली लावायचे, म्हणजे बैठक रुंद होईल आणि डोलणं कमी होईल. प्रत्येक फळी ३ किलोची, म्हणजे दर पॅडवर सव्वासहा किलो. तेवढ्याने हे पॅड सुमारे ३ मिलिमीटर दबतात : हिशेबाने ९ हर्ट्झ, रबराचा ताठपणा धरून १२. अडवणं १७ च्या आसपास सुरू होईल, तुमचा स्पीकर वाजवतो त्याच्या बरंच खाली.

बसवल्यावर स्पिरिट लेव्हल लावून पाहा; वूफरच्या चुंबकांमुळे स्पीकर पुढून जड असतो आणि पुढचे पॅड जास्त दबतात. तसं झालं तर पुढचे दोन पॅड आणखी थोडे पुढे सरकवा. पहिले काही आठवडे रबर थोडं थोडं बसत जातं, म्हणून महिन्याने पुन्हा तपासा. आणि पॅडखाली काचेचा किंवा धातूचा पातळ तुकडा ठेवा, नाहीतर काही रबरांचे डाग पॉलिश केलेल्या लाकडावर उमटतात.

ऑर्डरच्या पावतीवरच्या नंबरावर फोन करून काय हवं ते कळवा. फोन मीच घेईन. तुमचा अभिप्राय बदला, अशी विनंती मी करणार नाही.