एमआरआय नॉर्मल म्हणून गोळ्या बंद?

मावशीचा फोन आला तोच आनंदात. ‘अगं, हृदयाचा एमआरआय नॉर्मल आला. गोळ्या सुटल्या एकदाच्या!’ कोणी सोडवल्या? डॉक्टरांनी नाही, नातेवाइकांच्या ग्रुपवरच्या मेसेजने. मावशीला स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसून अजून वर्षही झालेलं नाही.

मेसेज थोडक्यात असा: हृदयाच्या एमआरआयमध्ये पुढच्या दहा वर्षांचा झटका दिसतो. नॉर्मल आला की औषधं बंद करा. अँजिओग्राफी हा निव्वळ धंदा. मात्र स्टेंटवाल्यांनी लांब राहावं, चुंबक स्टेंट ओढून काढतो. शिवाय तपासणीआधी टोचतात तो डाय किरणोत्सर्गी असतो.

आधी गोळ्यांचं, कारण जीव तिथे अडकलाय. एमआरआयमध्ये हृदयाचा स्नायू दिसतो: तो किती जोरात आकुंचन पावतो, औषध देऊन ताण आणल्यावर कुठे रक्त कमी पडतं, जुन्या झटक्याने कुठला भाग मेलाय. रक्तवाहिनीच्या भिंतीत साठलेली चरबी त्यात नीट दिसत नाही. आणि झटका पुष्कळदा येतो तो फारशी अरुंद न झालेल्या जागीच. तिथला चरबीचा थर फुटतो, वर गुठळी बसते. आदल्या दिवशी रक्तपुरवठा ठणठणीत असू शकतो. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, आहे ती हा थर फुटू नये म्हणून, आणि रक्त पातळ करणारी गोळी आहे ती नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून. ती मनाने बंद केली आणि स्टेंटच तुंबला, तर तो मोठा झटका असतो. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे उपचार लागू पडतोय. तो थांबवायची परवानगी त्यात कुठे लिहिलीय?

आता ‘दहा वर्षांचा झटका दिसतो’चं. अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. स्नायूत व्रण नाही, ताणाखालीही रक्त कमी पडत नाही, अशा माणसाचा पुढच्या काही वर्षांतला धोका खरंच कमी असतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. २०१९ साली प्रसिद्ध झालेली एमआर-इन्फॉर्म हा रुग्णांवरचा अभ्यास बघा. छातीत दुखणारे ९१८ रुग्ण. निम्म्यांचे निर्णय एमआरआयवरून, निम्म्यांचे अँजिओग्राफी करून रक्तवाहिनीतला दाब मोजून. वर्षभरात मृत्यू, झटका किंवा त्याच वाहिनीवर पुन्हा उपचार, असं काही झालेले एमआरआय गटात ३.६ टक्के, दुसऱ्या गटात ३.७ टक्के. म्हणजे एमआरआय तोडीस तोड ठरला. आणि औषधं? दोन्ही गटांना चालू होती!

अँजिओग्राफीचंही उत्तर तिथेच आहे. एमआरआय गटात स्टेंट किंवा बायपास कमी लोकांना करावं लागलं, ३५.७ टक्के विरुद्ध ४५ टक्के. उगाच होणारी अँजिओग्राफी टळते, हे खरं. पण त्या ३५.७ टक्क्यांच्या वाहिन्या अँजिओग्राफीशिवाय कशा उघडणार होत्या? एमआरआयच्या बोगद्यात स्टेंट बसत नाही.

चुंबकाचं मात्र हसू आलं. स्टेंट बसवलेली मावशी त्या मशीनमध्ये जाऊन, स्टेंटसकट बाहेर आली आणि मग तिने हा मेसेज खरा मानला. (जुन्या पेसमेकरची गोष्ट वेगळी, ते आधी सांगावंच लागतं.) गॅडोलिनियमचा डाय किरणोत्सर्गी नाही, किडनी फार बिघडलेली असेल तर जपून देतात, एवढंच.

मावशीने काल डॉक्टरांना फोन केला, गोळ्या पुन्हा चालू झाल्या. मेसेज ग्रुपवर तसाच आहे. खाली अकरा जणांनी हात जोडलेत.