तीन अरबी घोडे, फार लॅप आणि तो 'फुकट' सरकारी ट्रस्टी

गेले काही दिवस एक फॉरवर्ड सगळ्या ग्रुपवर फिरतोय, तुमच्याकडेही आलाच असेल. थोडक्यात असं, की इंग्रजांच्या काळात न्यूझीलंडमधला साधा शेतकरी दोन गोष्टींमुळे श्रीमंत झाला, एक म्हणजे शुद्ध अरबी रक्ताचे रेसचे घोडे आणि दुसरा सरकारी ट्रस्टी, जो माणूस गेल्यावर त्याची इस्टेट फुकटात आणि कुणाची बाजू न घेता सांभाळायचा. आपल्याकडे असलं काही नव्हतं म्हणून आपण भाऊबंदकीत बुडालो. मधे फार लॅप नावाच्या रेसच्या घोड्याची गोष्ट आणि शेवटी मोठ्या अक्षरात 'आजच मृत्युपत्र करा'. मृत्युपत्र करा हो, जरूर करा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण वरचं सगळं लोक वाचून 'वा वा' करतायत म्हणून एकेक घेतो.

"जगातला प्रत्येक थरोब्रेड (म्हणजे रेसच्या घोड्यांची जात) तीन अरबी घोड्यांपासून आला, म्हणून रक्त शुद्ध."

अर्धं खरं. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन ही तीन नावं खरी आहेत, पण ती फक्त नराच्या ओळीची, म्हणजे बाप, बापाचा बाप, त्याचा बाप असं सरळ वर जात राहिलं की शेवटी या तिघांपैकी कुणीतरी एक सापडतो, आणि आज तर सुमारे ९५ टक्के वेळा तो डार्लीच असतो. घोडीच्या बाजूने काय? तिथे इंग्लंडमधल्या स्थानिक घोड्या बऱ्याच आहेत. १७९१ मध्ये वेदरबी यांनी जनरल स्टड बुक छापायला घेतलं ते वंशावळीचा हिशोब कुठेतरी एका जागी राहावा म्हणून. थरोब्रेड म्हणजे शुद्ध अरबी नव्हे, तो इंग्लंडमध्ये मुद्दाम बनवलेला वाण आहे.

"फार लॅपची वंशावळ बोगस होती, कुणी विचारत नव्हतं, १६० गिनीला आंधळेपणाने घेतला, पुढे त्याच्या शिंगरांनी मालकाला करोडपती केलं."

पहिल्या मुद्द्यात रक्त सर्वस्व आणि दुसऱ्यात रक्ताला काही किंमत नाही, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कुठेच टोचलं नाही, असो. फार लॅप १९२६ मध्ये टिमारूजवळ सीडाउनला जन्मला, १९२८ च्या ट्रेंटहॅमच्या लिलावात १६० गिनीला गेला, इथवर बरोबर. पण तो आंधळेपणाने नाही घेतला, उलट फक्त वंशावळ बघून घेतला. सिडनीत बसलेल्या हॅरी टेलफर्ड नावाच्या ट्रेनरने कॅटलॉग वाचला, त्याच्याकडे पैसे नव्हते म्हणून डेव्हिस नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याला पटवलं आणि न्यूझीलंडमधल्या भावाला बोली लावायला सांगितली, घोडा दोघांनीही बघितलेला नव्हता. तो सिडनीत पोचल्यावर त्याचं एकंदर ध्यान बघून डेव्हिस इतका वैतागला की ट्रेनिंगचा खर्च द्यायलाच तयार होईना, मग टेलफर्डने तो तीन वर्षांसाठी लीजवर घेतला, बक्षिसाचे दोन भाग स्वतःला आणि एक मालकाला. म्हणजे कागद चांगला होता, दिसायला घोडा वाईट होता. फॉरवर्डमध्ये नेमकं उलटं झालंय.

आणि कागद किती चांगला ते बघा. फार लॅपचा बाप नाइट रेड, नाइट रेडच्या आईचा बाप स्पिअरमिंट, म्हणजे १९०६ ची इंग्लिश डर्बी जिंकलेला, आणि स्पिअरमिंटचा बाप कार्बाइन. कार्बाइन कोण? १८८५ मध्ये ऑकलंडजवळ सिल्व्हिया पार्कला जन्मलेला, ४३ शर्यतींत ३३ जिंकलेला, १८९० चा मेलबर्न कप पाठीवर जवळजवळ ६६ किलो वजन घेऊन आणि ३८ घोड्यांना मागे टाकून जिंकलेला. १८९५ मध्ये ड्यूक ऑफ पोर्टलंडने तो १३,००० गिनीला इंग्लंडला नेला. कार्बाइनचा बाप मस्केट, जो १८७८ मध्ये इंग्लंडहून ऑकलंडला आला होता. (मस्केटच्या पोरांची नावं मार्टिनी-हेन्री, नॉर्डनफेल्ट, कार्बाइन, सगळी बंदुका-तोफांची, तबेला कमी आणि शस्त्रागार जास्त.) बरं, नाइट रेडही काही कवडीमोल नव्हता, त्याचाच नाइटमार्च १९२९ चा मेलबर्न कप जिंकला, त्या शर्यतीत फार लॅप तिसरा आला, आणि १९३० चा कप फार लॅपने जिंकला. एकाच बापाची दोन पोरं, लागोपाठ दोन कप.

शिंगरांचं तर बोलूच नका. फार लॅप खच्ची केलेला होता! त्याला शिंगरं होणं शक्यच नव्हतं. १९३२ च्या एप्रिलमध्ये तो कॅलिफोर्नियात मेला, कातडं मेलबर्नला, सांगाडा वेलिंग्टनला आणि काळीज कॅनबेराला ठेवलंय, वारसा म्हणून मागे राहिलं ते एवढंच.

"मालक गेला तरी ट्रस्टीमुळे घोड्याची किंमत एक पैसा कमी होत नसे."

हे लिहिणाऱ्याने कधी जनावर पाळलेलं नसणार. जमीन वर्षभर नुसती पडून राहिली तरी जमीनच राहते, पैदाशीच्या घोड्याला मात्र रोज चारा लागतो, सांभाळणारा माणूस लागतो, एक सीझन वाया गेला की त्या वर्षाची पैदाशीची फी गेली, आणि उद्या पोटशूळ उठला तर सगळंच गेलं. म्हणून एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे इस्टेटीची व्यवस्था लावणारे, घोडे शक्य तितक्या लवकर लिलावात काढायचे. शिवाय इंग्लंडमध्ये १९२९ पर्यंत असा नियम होता की ज्याने शर्यतीत घोड्याचं नाव दिलं तो मेला की ती नोंद रद्द. १८८३ मध्ये प्रिन्स बॅथियानी न्यूमार्केटच्या रेसकोर्सवरच कोसळून गेला, त्याच्या सेंट सायमन नावाच्या दोन वर्षांच्या घोड्याची 'टू थाउजंड गिनीज' नावाच्या शर्यतीतली नोंद आपोआप बाद झाली, आणि तो लिलावात १,६०० गिनीला विकला गेला. घेणारा पुन्हा तोच ड्यूक ऑफ पोर्टलंड. सेंट सायमन पुढे एकही शर्यत हरला नाही आणि त्या काळातला सगळ्यात मोठा पैदाशीचा घोडा ठरला. त्यात वारसांना मिळाले १,६०० गिनी. ट्रस्टी काय करणार होता?

"याच घोड्यांनी तिथला साधा शेतकरी श्रीमंत केला."

साध्या शेतकऱ्याच्या दारात जो पैदाशीचा घोडा यायचा तो बहुतेक वेळा क्लाइड्सडेल, नांगर ओढणाऱ्या जातीचा. सीझनमध्ये त्याला घेऊन एक माणूस ठरलेल्या वाटेने गावोगाव फिरायचा, आज या खानावळीत मुक्काम, उद्या त्या फार्मवर, स्थानिक पेपरात तशी जाहिरात यायची. थरोब्रेडही फिरायचे, पण त्यांच्यापासून शेतकऱ्याला मिळायचा तो चढायचा घोडा किंवा लष्कराला विकता येईल असं जनावर. पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडहून सुमारे १०,००० घोडे गेले, परत आले चार.

पैसा आला तो दूध-मांसातून. १८८२ मध्ये 'ड्युनेडिन' नावाचं जहाज पोर्ट चाल्मर्सहून जवळपास ५,००० गोठवलेल्या मेंढ्या-कोकरांचं मांस घेऊन लंडनला गेलं, तिथून चित्र पालटलं. तारानाकी जिल्ह्यात तर त्याच्या आधी इतकी तंगी होती की वसाहतवाले जंगलातल्या कुजक्या लाकडावरचं आळंबी गोळा करून च्यू चाँग नावाच्या चिनी व्यापाऱ्याला रोख पैशात विकायचे, तो ते चीनला पाठवायचा. त्याच माणसाने १८८७ मध्ये एल्टमला लोण्याची फॅक्टरी काढली. फॉरवर्डमध्ये त्याचं नावही नाही, कारण घोड्याचा फोटो जास्त छान दिसतो.

"सरकारी ट्रस्टी फुकट आणि निःपक्षपाती."

फुकट नव्हता, इस्टेटीतून कमिशन घ्यायचा. चांगली बाजू आहे, ती मान्य करतो, १८७२ च्या कायद्याने निघालेलं पब्लिक ट्रस्ट ऑफिस ही तेव्हा इंग्लंडमध्येही नसलेली कल्पना होती. ओळखीचा माणूस एक्झिक्युटर केला की तो मरतो, दिवाळखोर होतो किंवा पैसे घेऊन पळतो, ऑफिस मरत नाही आणि पळतही नाही. समुद्रापार एकटं आलेलं कुटुंब, नात्यातलं कुणी जवळ नाही, त्यांना हे फार सोयीचं होतं. इंग्लंडने असं ऑफिस काढलं ते १९०८ मध्ये. खाजगी ट्रस्टी कंपन्याही होत्या, ड्युनेडिनला १८८१ पासून.

पण निःपक्षपाती? इथे मला खरंच राग येतो. तारानाकीत १८६५ मध्ये सरकारने माओरींची, म्हणजे तिथल्या मूळ लोकांची, सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त केली. पारिहाका गावात 'ते व्हिटी' आणि 'तोहू' या माओरी पुढाऱ्यांनी हत्यार न उचलता विरोध केला, मोजणीदारांच्या खुंट्या उपटल्या, जप्त जमिनीत नांगर घातले, तर ५ नोव्हेंबर १८८१ ला सुमारे १,६०० सशस्त्र माणसं गावात घुसली, आणि समोर गाणारी पोरं उभी होती. मग माओरींसाठी म्हणून जी थोडी जमीन राखून ठेवली, सुमारे २ लाख एकर, ती दिली कुणाच्या ताब्यात? याच पब्लिक ट्रस्टीच्या. १८९२ च्या कायद्याने मालकी कागदोपत्री त्याच्याकडे आणि गोऱ्या शेतकऱ्यांना २१ वर्षांची लीज, जी कायमची रिन्यू होत राहणार. भाडं बदलणार तेही २१ वर्षांतून एकदा. मुंबईतली पागडीची जुनी चाळ आठवा, मालक म्हणवायचं आणि भाड्यात चहा येत नाही, फरक एवढाच की इथे मालकाने भाडेकरू निवडलाच नव्हता आणि त्याला घराबाहेर काढणाराच त्याचा विश्वस्त झाला होता. ही भाडी बाजारभावाकडे न्यायला कायदा आला १९९७ मध्ये. शंभरच्या वर वर्षं! ज्या फार्मवरच्या गाईंनी तारानाकी श्रीमंत झाला त्यातले कितीतरी या लीजवर उभे आहेत. तेव्हा एकाच ऑफिसच्या एका टेबलावर गोऱ्या विधवेची इस्टेट नीट सांभाळली जात होती आणि दुसऱ्या टेबलावर हे चालू होतं, फॉरवर्डने फक्त पहिलं टेबल बघितलंय.

"आपल्याकडे असलं काही नव्हतं."

होतं की. ऑफिशियल ट्रस्टीचा कायदा हिंदुस्थानात १८६४ चा, म्हणजे न्यूझीलंडच्या आधीचा, नंतर १९१३ मध्ये तो नव्याने केला. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरल, म्हणजे गेलेल्या माणसाची इस्टेट सांभाळणारा सरकारी अधिकारी, तोही त्याच काळातला. मुंबईत ही दोन्ही पदं होती आणि आजही आहेत. गावातल्या सात-बाऱ्यावरच्या भांडणापर्यंत ती पोचली नाहीत हे खरं, पण मग ती का पोचली नाहीत ते विचारा, नव्हतीच म्हणू नका.